गूज लॅपटॉपवर दिसतोय, मग टेस्टिंग संपलं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याचं ११० केव्ही यार्ड आहे. सहवीजनिर्मितीची वीज तिथून ग्रिडला जाते. ट्रान्सफॉर्मर बेचा (बे म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरचा किंवा लाईनचा ब्रेकरसह विभाग) जुना रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) काढून नवा न्यूमेरिकल रिले बसवला. तुम्ही सेकंडरी इंजेक्शन करून, म्हणजे टेस्ट सेटने रिलेला थेट करंट देऊन, पिकअप, टायमिंग, डिफरन्शियलचा स्लोप सगळं तपासलंत, आकडे बरोबर आले. पण एलबीबी इनिशिएशन (एलबीबी म्हणजे लोकल ब्रेकर बॅकअप: एक ब्रेकर उघडला नाही तर शेजारचे पाडणारं संरक्षण), इंटरलॉक आणि ३३ केव्ही बाजूचं रिव्हर्स ब्लॉकिंग (फॉल्ट फीडरवर असेल तर बसचा मुख्य ब्रेकर, म्हणजे इनकमर, थांबवणारी योजना) आता कॉपर वायरवर राहिलेलं नाही, ते आयईसी ६१८५० या सबस्टेशन संवादाच्या मानकातल्या गूज मेसेजवर (रिले एकमेकांना नेटवर्कवरून पाठवतात तो झटपट संदेश) गेलंय. लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरचे मेसेज दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून मेसेज जाताना तुम्ही पाहिलात. तरी कन्सल्टंट ‘गूजचा एंड टू एंड रिपोर्ट द्या’ म्हणून अडून बसलाय, आणि गळीत हंगाम चालू असल्यामुळे बस (सगळे बे ज्याला जोडलेत तो मुख्य वाहक) बंद मिळत नाही. तर हे टेस्टिंग खरंच वेगळं करावं लागतं का, आणि करायचं तर शेजारचे बे न पाडता कसं करायचं? शेवटी लाईनच्या दुसऱ्या टोकाच्या टेस्टिंगबद्दलही तुम्ही विचारलंत.

कन्सल्टंटचं म्हणणं बरोबर आहे. फक्त तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत: एक पुराव्याचा आणि दुसरा आयसोलेशनचा. दुसऱ्याचं उत्तर हातात आल्याशिवाय पहिल्याला हात घालू नका.

पुढचं बरंचसं चार गोष्टींवर ठरतं आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. रिले या मानकाच्या एडिशन १ चे की एडिशन २ चे? सगळे एका कंपनीचे की दोन-तीन कंपन्यांची खिचडी? साइटवर एससीडी फाइल (सगळ्या सबस्टेशनच्या कॉन्फिगरेशनची फाइल) आहे का, आणि ती शेवटच्या बदलानंतरची आहे का? नेटवर्क साध्या रिंगचं आहे की पीआरपीचं (एकच मेसेज दोन स्वतंत्र नेटवर्कवरून पाठवणारं)? कारखान्यांची यार्डं एका दमात बदलत नाहीत, एकेक बे करत बदलतात. त्यामुळे तुमचा नवा रिले एडिशन २ चा आणि शेजारचे जुने, असंच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मानकाची पहिली आवृत्ती २००३ ते २००५ च्या दरम्यान आली. टेस्टिंगची नीट सोय झाली ती दुसऱ्या आवृत्तीत, २०१० च्या आसपास. म्हणजे हा फरक फक्त कागदावरचा नाही.

कॉपरवर आपली पद्धत ठरलेली होती. टीटीबीची, म्हणजे टेस्ट टर्मिनल ब्लॉकची, लिंक उघडायची, मीटर लावून बघायचं, लाल टॅग अडकवायचा, झालं. त्या वायरवरून पलीकडे काही जाणार नाही हे डोळ्यांना दिसायचं. गूजला उघडायला लिंकच नाही. एकाच फायबरवरून एलबीबी जातं, इंटरलॉक जातं, स्काडाचं (कंट्रोल रूममधल्या देखरेख यंत्रणेचं) रिपोर्टिंगही जातं. फायबर काढला तर सगळंच गेलं, ठेवला तर सगळंच चालू. उलट कॉपरची एक खोड गूजमध्ये नाही, तेही मान्य करायला हवं: एलबीबीची वायर टर्मिनलमधून निसटली तर ती पुढचा फॉल्ट येईपर्यंत कुणाला कळत नसे. गूज बंद पडला तर पलीकडच्या रिलेला काही सेकंदांत कळतं. कळल्यावर तो काय करतो, हा पुढचा भाग.

गूजचा स्वभाव दवंडीसारखा आहे. दवंडीवाला चावडीसमोर ओरडून जातो, कुणी ऐकलं याची पोच घेत नाही. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा ओरडतो. काही घडलं की मेसेज लगेच जातो, मग काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा, मग अंतर वाढत वाढत सेकंद-दोन सेकंदांवर स्थिरावतं. प्रत्येक नव्या घटनेला स्टेट नंबर एकाने वाढतो आणि सिक्वेन्स नंबर शून्यावर येतो. नुसत्या पुनरावृत्तीत सिक्वेन्स नंबर तेवढा वाढत राहतो. प्रत्येक मेसेजबरोबर ‘मी अजून इतका वेळ ग्राह्य आहे’ अशी मुदतही जाते. त्या मुदतीत पुढचा मेसेज आला नाही की ऐकणारा रिले समजतो, काहीतरी बिघडलं.

तेव्हा वायरशार्कमध्ये तुम्ही जे पाहिलंत ते एवढंच की ओरडणारा ओरडतोय. ऐकणाऱ्याने ऐकलं का, खरं मानलं का आणि त्यावर काही केलं का, हे त्या पडद्यावर येत नाही. मी रिपोर्टमध्ये पब्लिशरच्या, म्हणजे पाठवणाऱ्याच्या, बाजूचा कॅप्चर पुरावा म्हणून धरतच नाही, सोबतचा कागद म्हणून लावतो. पुरावा नेहमी सबस्क्रायबरच्या, म्हणजे घेणाऱ्याच्या, बाजूचा.

आणि कॅप्चरही फसवतो. विंडोजवरची बरीच नेटवर्क कार्डं व्हीलॅनचा (एकाच नेटवर्कमधल्या आभासी विभागाचा) टॅग काढून मगच फ्रेम पुढे देतात. त्यामुळे टॅग आहे की नाही, प्रायॉरिटी ४ आहे की ०, हे लॅपटॉपवर दिसत नाही आणि आपण ‘व्हीलॅन लावलेलाच नाही’ असा निष्कर्ष काढून बसतो. दुसरं, स्विचच्या मिरर पोर्टवर सगळा बाजार दिसतो, पण ज्या पोर्टला रिले जोडलाय तिथे व्हीलॅनचा किंवा मल्टिकास्टचा फिल्टर असेल तर तोच मेसेज रिलेपर्यंत पोचलेला नसतो. शंका आली तर टॅप (केबलच्या मध्ये बसवून ऐकायचं उपकरण) लावा, नाहीतर रिलेचा फायबर काढून त्याच पोर्टवर ऐका. अर्थात बे लाइव्ह असताना हा दुसरा उद्योग नको.

किट उघडण्याआधी टेबलावर बसून एक काम करा, माझा निम्मा वेळ इथेच जातो. प्रत्येक गूजसाठी एक ओळ: कोण पाठवतो, डेटासेटमधला (एका मेसेजमधून जाणाऱ्या सिग्नलांच्या यादीतला) कितवा सिग्नल, कोण घेतो, घेऊन कुठल्या लॉजिकला देतो, आणि सिग्नल गायब झाला तर काय धरतो. हा तक्ता एससीडी फाइलवरून करा. मग प्रत्यक्ष रिलेमधून फाइल वाचून तिच्याशी ताडून बघा. पत्ता, ॲप आयडी, कंट्रोल ब्लॉकचं नाव, डेटासेटचं नाव आणि कॉन्फ रिव्हिजन, या पाचांपैकी एक जरी जुळलं नाही तरी बहुतेक रिले मेसेज बाजूला टाकतात, आणि तेच योग्य आहे.

कॉन्फ रिव्हिजनवर जरा थांबतो, कारण एकेका बेचे रिले बदलताना घोळ नेमका इथे होतो. गूजमध्ये सिग्नलची नावं जात नाहीत, फक्त किमती जातात, ओळीने. पहिली एलबीबी स्टार्ट, दुसरी ब्रेकर पोझिशन, तिसरी आयसोलेटर, अशी. घेणाऱ्याला क्रम पाठ असतो, त्यावर तो अर्थ लावतो. एका कारखान्यात बिगरहंगामात कुणीतरी ब्रेकरमधला एसएफ६ गॅस कमी झाल्याचा सिग्नल स्काडावर हवा म्हणून त्याच डेटासेटमध्ये मध्येच घुसवला होता. काम करणारा आपल्या रिलेत फाइल टाकून मोकळा झाला, शेजारच्या बेंना नवी फाइल दिलीच नाही. लॅपटॉपवर मेसेज ठणठणीत. सबस्क्रायबर रिलेच्या डायग्नोस्टिक पानावर मात्र त्या एका ओळीपुढे ‘रिव्हिजन जुळत नाही’ अशी बारीकशी नोंद. डेटासेट बदलला की रिव्हिजनचा आकडा वाढला पाहिजे असा नियम आहे, आणि तो पाळला गेला होता म्हणून शेजाऱ्याने मेसेज नाकारला. नसता पाळला, तर पुढचा प्रत्येक सिग्नल एक घर सरकला असता, आणि गॅस कमी झाल्याची खबर दुसऱ्या रिलेने ब्रेकर पोझिशन म्हणून वाचली असती. म्हणून नवा सिग्नल हवाच असेल तर तो नेहमी शेवटी जोडा, आणि शक्यतो स्काडाच्या सिग्नलांचा डेटासेट प्रोटेक्शनपासून वेगळाच ठेवा.

आता आयसोलेशन. एडिशन २ मध्ये यासाठी दोन हत्यारं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं म्हणजे मोड. फंक्शन ‘ऑन’, ‘ब्लॉक्ड’, ‘टेस्ट’, ‘टेस्ट ब्लॉक्ड’ किंवा ‘ऑफ’ यांपैकी एका अवस्थेत असतं. रिले टेस्टमध्ये गेला की त्याच्या मेसेजमधल्या किमतींना ‘टेस्ट’ असा शिक्का लागतो. जो रिले ऑनमध्ये आहे तो शिक्का असलेली किंमत ग्राह्य धरत नाही. जो स्वतः टेस्टमध्ये आहे तो धरतो. म्हणजे तुमचा नवा रिले टेस्टमध्ये टाकून तुम्ही त्याला ट्रिप करायला लावलंत, तर शेजारचे लाइव्ह बे ऐकतील पण हलणार नाहीत. इथे एक धोका आहे आणि तो अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतो: नुसत्या ‘टेस्ट’मध्ये रिलेचा आउटपुट कॉन्टॅक्ट हलतो. ब्रेकर पडतो. कॉन्टॅक्ट न हलता सगळं लॉजिक चालायला हवं असेल तर ‘टेस्ट ब्लॉक्ड’ लावायचं.

दुसरं हत्यार सिम्युलेशनचं. यात मेसेज खऱ्या रिलेकडून येत नाही, तुमच्या टेस्ट सेटकडून येतो, आणि त्याच्या शीर्षात ‘मी नकली आहे’ असा बिट असतो. घेणाऱ्या रिलेत सिम चालू केलेलं असेल तरच तो नकली मेसेज घेतो. एकदा घेतला की त्या मेसेजपुरतं खऱ्याकडे दुर्लक्ष करतो, सिम बंद करेपर्यंत. हे लक्षात ठेवा: सिम फक्त कुणाचं ऐकायचं ते ठरवतं, ट्रिप अडवत नाही. रिले ऑनमध्ये, सिम चालू, आणि नकली मेसेजमधल्या किमतीला टेस्टचा शिक्का नाही, असा संयोग जमला की ब्रेकर खराखुरा पडेल. टेस्ट सेटवर सिम्युलेशन बिट बंद ठेवून खऱ्या रिलेच्या नावाने मेसेज सोडणं हा तर लाइव्ह नेटवर्कवर आत्मघातच. एकाच नावाचे दोन पब्लिशर होतात, स्टेट नंबर उड्या मारतो, आणि कोणता रिले काय समजेल याचा नेम नाही.

शेजारचे रिले एडिशन १ चे असतील तर वरचं सगळं त्यांना लागू होईलच असं धरू नका. काही जुने रिले टेस्टचा शिक्का बघतच नाहीत. कॅटलॉगवर भरवसा ठेवू नका, विक्रीवाल्या साहेबांच्या तोंडी आश्वासनावर तर नाहीच. त्याच मॉडेलचा, त्याच फर्मवेअरचा स्पेअर रिले स्टोअरमध्ये असेल तर नव्या रिलेबरोबर टेबलावर एका छोट्या स्विचवर जोडा, शिक्क्याचा मेसेज पाठवा आणि बघा. स्पेअर नसेल तर मी आयसोलेशन लॉजिकमध्ये घेतो: पॅनेलवर ‘गूज टेस्ट’ म्हणून एक सिलेक्टर किंवा फंक्शन की, आणि ती चालू असताना त्या बेकडून आलेला एलबीबी मेसेज लॉजिकमध्येच अडवायचा. ओबडधोबड आहे, पण रात्रीच्या पाळीतल्या ऑपरेटरला दाखवता येतं आणि त्याला समजतं.

सगळ्यात शेवटचं फाटक अजूनही कॉपरचंच आहे, हे विसरू नका. तुमच्या यार्डात मर्जिंग युनिट (यार्डातली मापं डिजिटल करून नेटवर्कवर टाकणारी उपकरणं) वगैरे नसावीत, रिलेपासून ट्रिप कॉइलपर्यंत वायरच असेल. म्हणजे टीटीबीची ट्रिप लिंक अजून तुमच्या हातात आहे. सॉफ्टवेअरचं आयसोलेशन कितीही पक्कं वाटलं तरी पहिल्यांदा करताना ती लिंक उघडीच ठेवा.

इथवरचं थोडक्यात: कागद आणि रिले जुळवा, शेजारी टेस्टचा शिक्का मानतात का ते बाहेर टेबलावर तपासा, आणि ट्रिप लिंक उघडा. मगच इंजेक्शन.

आता लाइव्ह बसवर प्रत्यक्ष क्रम. पहिली फेरी फक्त नकाराची. नवा रिले टेस्ट ब्लॉक्डमध्ये, शेजारी सगळे ऑन. नव्या रिलेत करंट सोडा, ट्रिप होऊ द्या, करंट बंद न करता चालूच ठेवा, म्हणजे रिलेच्या दृष्टीने ब्रेकर उघडला नाही. एलबीबीचा वेळ भरला की मेसेज शिक्क्यासह बाहेर जाईल. शेजारच्या प्रत्येक रिलेच्या इव्हेंट लिस्टमध्ये ‘आला, पण घेतला नाही’ असं दिसलं पाहिजे. हा निकाल लिहून ठेवा, आयसोलेशनचा पुरावा हाच.

दुसरी फेरी होकाराची, एका वेळी एकच शेजारी बे. त्याची ट्रिप लिंक उघडी, रिले टेस्ट ब्लॉक्डमध्ये. पण मग त्या काळात त्या बेला संरक्षण कुणाचं? ११० केव्हीला साधारणपणे मेन आणि वेगळा बॅकअप ओव्हरकरंट-अर्थ फॉल्ट रिले असतो, तो स्वतःच्या लिंकसह चालू हवा आणि आधी तपासलेला हवा. तुमचा रिले फक्त ब्रेकर फेल्युअरचा लॉजिकल नोड, म्हणजे आरबीआरएफ, वेगळा टेस्टमध्ये टाकू देत असेल तर उत्तम, मेन प्रोटेक्शनला धक्का लागत नाही. सगळे रिले हे देत नाहीत. आणि बस सेंट्रल बसबार रिलेवर असेल तर हा सगळा कार्यक्रम हंगामात करूच नका. कारखाना क्लीनिंगसाठी थांबतो तेव्हा, नाहीतर हंगाम संपल्यावर करा. मात्र बिगरहंगामातही वळीव सुरू व्हायच्या आत उरका. एप्रिल-मे महिन्यांत विजा चमकायला लागल्या की बसबार प्रोटेक्शन बाहेर ठेवायला कुठलाच शहाणा इंजिनिअर सही देत नाही, आणि देऊही नये.

लाईन क्लिअर (काम करण्याची परवानगी) घेताना ट्रान्समिशनच्या सबस्टेशनला नुसतं ‘रिले टेस्टिंग’ असं लिहून देऊ नका. एलबीबी तपासतोय आणि अमुक बेचं मेन प्रोटेक्शन इतका वेळ बाहेर असेल, असं स्पष्ट लिहा. त्यांच्या टोकाचा रिले तुमचा बॅकअप आहे, तिथल्या माणसाला ते ठाऊक हवं.

एलबीबी रिलेत करंटची अटही असते. मेसेज आला पण त्या ब्रेकरमधून करंट नाही, तर ट्रिप व्हायला नको. म्हणून प्रत्येक बेला दोन टेस्ट: मेसेज आणि करंट दोन्ही, मग मेसेज आहे पण करंट नाही. दुसरी टेस्ट बरेच जण गाळतात.

वेळेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ट्रिपच्या मेसेजला ३ मिलिसेकंदांची मर्यादा मानकात आहे, ती एका रिलेच्या लॉजिकपासून दुसऱ्याच्या लॉजिकपर्यंतची. कन्सल्टंट लोक तिच्यावर फार अडतात. एलबीबीमध्ये तिने फारसं बिघडत नाही. आपल्याकडे एलबीबीचा टायमर बहुधा २०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतात. त्यात ब्रेकर उघडायला ६० एक, करंट एलिमेंट रीसेट व्हायला २०-३०, बाकी मार्जिन. मेसेजला ३ लागले की ५, याने निकाल बदलत नाही. उलट कॉपरवर मधला ऑक्झिलरी रिलेच ५ ते १० मिलिसेकंद खायचा.

रिव्हर्स ब्लॉकिंगचं तसं नाही, तिथे मिलिसेकंद मोजायलाच हवेत. ३३ केव्ही इनकमरचा जलद ओव्हरकरंट समजा ८० मिलिसेकंदांवर ठेवलाय. फीडरवर फॉल्ट आला तर फीडरच्या रिलेने पिकअप घ्यायचा, गूज पाठवायचा आणि इनकमरने ८० संपायच्या आत थांबायचं. पिकअपला २०-२५, मेसेजला ३, आणि पुढे इनकमर रिलेच्या लॉजिकची फेरी. काही रिलेंमध्ये आलेला गूज हळू चालणाऱ्या लॉजिकमध्ये जोडलेला असतो आणि तिथेच १०-२० मिलिसेकंद जातात. कॅप्चरमध्ये मेसेज वेळेत, तरीही इनकमर पडला, असं झालं तर संशय इथे घ्या. टेस्ट सेटने फीडर आणि इनकमर दोघांना एकाच क्षणी करंट द्या, आणि इनकमरला ब्लॉक किती मिलिसेकंदांनी लागला ते त्याच्या डिस्टर्बन्स रेकॉर्डमधून वाचा.

तुमच्या कारखान्यात आणखी एक पेच आहे, जो साध्या वितरण सबस्टेशनात नसतो. ३३ केव्ही बसला जनरेटरकडून येणारा फीडर असेल तर बसवरच फॉल्ट झाल्यावर त्या फीडरमधूनही करंट बसकडे धावतो. त्याचा रिले दिशा न बघता पिकअप देत असेल, तर तो इनकमरला ‘थांब, फॉल्ट माझ्याकडे आहे’ असं खोटंच सांगेल आणि बस जळत राहील. तिथे डायरेक्शनल एलिमेंटच हवा, आणि टेस्टमध्ये व्होल्टेजसह उलट दिशेचा करंट देऊन ब्लॉक जात नाही हे दाखवायला हवं. तुमच्या रिपोर्टमध्ये ही ओळ नसेल तर बाकीचा रिपोर्ट बाजूला ठेवून आधी ही टेस्ट करा.

मग तुटण्याची टेस्ट. एकेक फायबर काढून बघा. ज्याचा मेसेज गेला त्याने काय धरायचं हे आधीच्या तक्त्यात ठरलेलं हवं, रिलेच्या डिफॉल्टवर सोडलेलं नको. माझा नियम असा: इंटरलॉकचा सिग्नल गेला तर आयसोलेटर, अर्थ स्विच हलवायला परवानगी नाही. एलबीबी इनिशिएशन गेलं तर ‘नाही’ धरायचं आणि अलार्म द्यायचा. रिव्हर्स ब्लॉकिंग गेलं तर जलद एलिमेंटच बाहेर काढायचा आणि इनकमरला त्याच्या नेहमीच्या आयडीएमटी (करंट जितका जास्त तितकी कमी) वेळेवर ठेवायचं. यावर मतभेद आहेत. काही जण ब्लॉक गेला तरी जलद ट्रिप चालू ठेवा म्हणतात, बसचं नुकसान टळावं म्हणून. ज्या बसवर अख्ख्या गावाचा पुरवठा आहे आणि फायबर पॅनेलमधून पॅनेलमध्ये उघडाच लोंबतोय, तिथे मी ते करणार नाही.

अलार्म खरंच येतो का आणि आलेला कुणाला कळतो का, हेही टेस्टमध्येच धरा. एका ठिकाणी स्काडावर ओळ यायची ‘जीओ सब ०७ फेल’. प्रत्येक पाळीत ऑपरेटर ती ॲकनॉलेज करून पुढे जायचा, त्याचा काय दोष? ती बदलून ‘ट्रान्सफॉर्मर १ चा एलबीबी सिग्नल येत नाही’ असं लिहिल्यावर पुढच्या वेळी थेट फोन आला, ‘एलबीबी सिग्नल बरवल्दु री, सर’ (येत नाहीये हो, सर). बघा की, एवढ्याने काम होतं.

फायबर काढलाच आहे तर एलसी कनेक्टरचं तोंड स्कोपखाली बघा. साखर कारखान्यातला बगॅसचा भुसा किती बारीक असतो हे तुम्हाला सांगायला नको. पॅनेलचा दरवाजा रोज उघडा राहत असेल तर तो आत शिरतोच, आणि उघड्या कनेक्टरवर बसला की नुसत्या फुंकरीने निघत नाही. ड्राय क्लीनरची पेन वापरा, शर्टाच्या टोकाने पुसू नका. प्रत्येक टोकाला पॉवर मीटरचा आकडा लिहून ठेवा. रिसीव्हरच्या मर्यादेपासून ३ डीबीच्या आत असेल तर आज चालतंय म्हणून सोडू नका. साधी रिंग असेल तर एक स्विच बंद करून रिंग सावरायला किती वेळ लागतो तेही बघा. साध्या रिंगला सावरायला थोडा वेळ लागतोच, पीआरपीमध्ये मात्र एकही मेसेज हरवायला नको.

वेळेच्या बाबतीत एकच सूचना. गूजमधला टाइमस्टॅम्प यूटीसीमध्ये असतो, रिलेच्या पडद्यावर आपली वेळ. साडेपाच तासांचा फरक दिसला तर घाबरू नका. पण साडेपाच तास आणि काही सेकंद दिसले तर जीपीएस घड्याळाकडे जा. ते न जुळवता दोन टोकांचे रेकॉर्ड शेजारी ठेवून फॉल्ट वाचायला बसलात तर डोकं फिरेल.

तुम्ही शेवटी लाईनच्या दुसऱ्या टोकाबद्दल विचारलंय. लाईन डिफरन्शियल किंवा कॅरिअर एडेड डिस्टन्स (दोन्ही टोकांचे रिले एकमेकांशी बोलून ठरवतात अशी संरक्षणं) असेल तर दोन्ही टोकांना जीपीएसने जुळवलेले टेस्ट सेट लावून एकाच क्षणी फॉल्ट द्यावा लागतो, एका टोकाच्या टेस्टवर ते सुटत नाही. तुमची लाईन कर्नाटकातच संपते, त्यामुळे दोन फोनमध्ये काम होईल. चिकोडी-कोल्हापूरसारख्या आंतरराज्य लाईनवर हेच करायचं तर दोन्ही राज्यांच्या लोड डिस्पॅच सेंटरांबरोबर दक्षिण आणि पश्चिम अशा दोन्ही रीजनचा समन्वय लागतो, त्याची तयारी आठवडे आधी सुरू करावी लागते.

काम संपलं की परत लावायचा क्रम उलटा ठेवा. आधी टेस्ट सेट नेटवर्कमधून बाहेर काढा. मग सिम बंद करा, नाहीतर रिले येत नसलेल्या नकली मेसेजची वाट बघत बसेल आणि खऱ्याकडे दुर्लक्ष करेल. मग एकेक रिले ऑनमध्ये आणा आणि पडद्यावर प्रत्येक फंक्शनचं बिहेवियर ऑन झालेलं बघा. वरचा मोड ऑन दिसतो आणि खालचा एखादा नोड टेस्टमध्येच अडकलेला असतो. सबस्क्रिप्शनच्या पानावर एकही लाल ओळ नको. हे सगळं झाल्यावरच ट्रिप लिंककडे वळा. प्रत्येक लिंक बंद करायच्या आधी तिच्या दोन टोकांमध्ये मीटर लावा. डीसी व्होल्टेज दिसलं तर कॉन्टॅक्ट अजून लागलेला आहे, लिंक टाकलीत की ब्रेकर पडेल. रिले रीसेट करा, पुन्हा मोजा, मग टाका.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नव्या आणि एका जुन्या रिलेचं मॉडेल, फर्मवेअर आणि दोघांच्या सबस्क्रिप्शन पानाचा फोटो टाका. शिक्का मानला जातो की नाही ते त्यावरून बरंच सांगता येईल.